एमआरएनए वाढला, पण प्रोटीन वाढलं नाही: ताणाखालच्या पेशीत नेमकं काय थांबतं?

प्रश्न बडोद्यातल्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) ताण द्यायला अर्धा मिलिमोलर सोडियम आर्सेनाइट हे आर्सेनिकचं संयुग एक तास दिलं. आरएनए मोजणाऱ्या आरटी-पीसीआरमध्ये एचएसपी-७० या ताणात बनणाऱ्या प्रोटीनचा एमआरएनए, म्हणजे ते बनवण्याचा संदेश, जवळपास तीसपट वाढलेला दिसतो, पण प्रोटीन मोजणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये त्याचा पट्टा (बँड) ताण न दिलेल्या कंट्रोलइतकाच. ताणात गोळा होणाऱ्या जी३बीपी१ या प्रोटीनची अँटिबॉडी लावली तर सायटोप्लाझममध्ये ठसठशीत ठिपके दिसतात. मग एमआरएनए त्या ठिपक्यांत जाऊन नष्ट होतोय का? गाइड म्हणतात वेस्टर्न चुकलंय, पुन्हा कर. तीनदा केलं, उत्तर तेच.

तीनदा तेच उत्तर आलं, म्हणजे मी आधी त्या उत्तरावर विश्वास ठेवीन. तुमचं वेस्टर्न चुकलेलं नसावं. पेशीने जे केलं तेच तुम्हाला दिसतंय. अडचण प्रश्नाच्या मांडणीत आहे. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत: रायबोसोम (संदेश वाचून प्रोटीन बनवणारं यंत्र) थांबणं, कुठला संदेश वाचायचा याची निवड होणं, आणि संदेश कापला जाणं. ताण आला की हे तिन्ही घडतं, पण एकाच वेळी नाही, एकाच यंत्रणेने नाही आणि एकाच एमआरएनएवर तर नाहीच. पीसीआर यातलं काहीच सांगत नाही. संदेश किती आहेत एवढंच तो मोजतो, ते वाचले जाताहेत का हे त्याला कळत नाही.

आधी हेही सांगते की पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. ताण कुठला, डोस किती, कितव्या मिनिटाला पेशी उचलल्या, डिश किती भरलेली होती, यावर चित्र पार बदलतं. मी गेली बावीस वर्षं पेशी वाढवते आहे, त्यातली चौदा-पंधरा याच विषयात गेली. तरी नवी सेललाइन हातात आली की पहिला महिना मी फक्त डोस आणि वेळ ठरवण्यात घालवते. तो वेळ वाया जात नाही.

आता मूळ गोष्ट. रायबोसोमला प्रोटीन बनवायला सुरुवात करायची तर पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, घेऊन येणारा टीआरएनए हा छोटा आरएनए लागतो. त्याला रायबोसोमच्या लहान सबयुनिटपर्यंत (भागापर्यंत) आणून बसवतं ईआयएफ-२ नावाचं प्रोटीन, आणि येताना त्याच्याजवळ जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू असावा लागतो. सुरुवातीचा कोडॉन (संदेशातला तीन अक्षरांचा शब्द) सापडला की जीटीपीचा जीडीपी होतो आणि ईआयएफ-२ बाहेर पडतं. पुढच्या फेरीसाठी तो जीडीपी काढून नवा जीटीपी बसवणं हे ईआयएफ-२बीचं काम. आर्सेनाइट दिल्यावर ईआयएफ-२च्या अल्फा भागातल्या ५१व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागतो. असं फॉस्फेट लागलेलं ईआयएफ-२ हे ईआयएफ-२बीला धरून ठेवतं, सोडतच नाही. पेशीत ईआयएफ-२बी मुळातच कमी असतं. त्यामुळे ईआयएफ-२च्या थोड्याच रेणूंवर फॉस्फेट लागला तरी बाकीच्यांचं रिचार्जिंग अडतं आणि नव्या प्रोटीनची सुरुवात सगळीकडेच मंदावते. वेस्टर्नमध्ये फॉस्फो-ईआयएफ-२-अल्फाचा बँड दुप्पट-तिप्पटच दिसतोय म्हणून निराश होऊ नका. एवढ्याने मोठा परिणाम होतो.

हा फॉस्फेट लावणारे चार कायनेज आहेत. अमिनो आम्लं कमी पडली की जीसीएन-२ जागं होतं, एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये न घडी बसलेली प्रोटीनं साचली की पर्क, विषाणूचा दुहेरी आरएनए दिसला की पीकेआर, आणि हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा घटक) कमी पडला की एचआरआय. आर्सेनाइट मुख्यतः एचआरआयमार्फत काम करतं. म्हणजे थॅप्सिगार्गिनवर (हे पर्कच्या वाटेने ताण देतं) लिहिलेला पेपर वाचून आर्सेनाइटचा निकाल लावता येत नाही. शेवटचा टप्पा एक असला तरी तिथे पोचण्याच्या वाटा वेगळ्या, आणि सोबत उठणारे बाकीचे संकेतही वेगळे.

एचआरआयवर थोडं थांबते, कारण ‘थांबणं’ म्हणजे बिघाड नव्हे हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. तांबड्या पेशी घडताना ग्लोबिन प्रोटीन प्रचंड प्रमाणात बनतं. शरीरात लोह कमी पडलं की हीम कमी बनतो, आणि हीमशिवायचं ग्लोबिन नुसतं साचत गेलं तर गुठळ्या होऊन पेशीच मरेल. म्हणून एचआरआय जागं होतं आणि ग्लोबिनचं उत्पादन हीमच्या पुरवठ्याइतकं खाली आणतं. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात, त्यामागे हा आवर आहे. ज्या उंदरांत एचआरआयचा जीनच काढून टाकला, त्यांच्यात लोह कमी केल्यावर पेशी लहान झाल्या नाहीत, पण आत ग्लोबिनच्या गुठळ्या साचल्या आणि ॲनिमिया जास्त बिघडला. तुमच्या डिशमध्ये आर्सेनाइटने जागं झालेलं कायनेज हेच.

सगळं मंदावलं असताना काही संदेश उलट जास्त वाचले जातात, एटीएफ-४चा (ताणाला तोंड देणारे जीन चालू करणारं प्रोटीन) त्यातला ठळक. ही युक्ती समजायला फार सुंदर आहे. एटीएफ-४च्या एमआरएनएत मुख्य संदेशाच्या आधी दोन छोटे वाचनखंड आहेत. पहिला फक्त ३ अमिनो आम्लांचा, दुसरा ५९चा, आणि दुसऱ्याची शेपटी एटीएफ-४च्या सुरुवातीवरून पुढे जाते. रायबोसोम पहिला खंड वाचतो, त्याचं लहान सबयुनिट एमआरएनएवरच राहून पुढे सरकतं, आणि पुन्हा सुरुवात करायला त्याला नवं ईआयएफ-२ लागतं. आमच्याकडे विद्यार्थ्यांना मी हे बडोद्यातल्या मांडवीच्या रस्त्यावर सांगते. मांडवीतून तुम्ही चालत निघालात, जायचंय न्यायमंदिराजवळच्या एका दुकानात. रस्त्यात रिकाम्या रिक्षा भरपूर असल्या तर तुम्ही लहरीपुऱ्याच्या दरवाजाआधीच एकीत बसता, आणि ती तुम्हाला दुकानावरून पुढे थेट दांडिया बाजारात नेऊन उतरवते. दुकान हुकलं. रिक्षा मिळतच नसल्या तर तुम्ही चालत राहता आणि दुकानाच्या दारात पोचता. रिक्षा म्हणजे जीटीपीवालं ईआयएफ-२. चांगल्या दिवशी ते लगेच मिळतं, रायबोसोम दुसऱ्या खंडावर सुरुवात करतो आणि एटीएफ-४ची सुरुवात ओलांडून जातो. ताणात ते उशिरा मिळतं, तोवर सबयुनिट दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीच्या पुढे आलेलं असतं, आणि एटीएफ-४ वाचलं जातं. यीस्टमधलं जीसीएन-४ याच तत्त्वावर चालतं, तिथे छोटे खंड चार आहेत.

मग एचएसपी-७०चं काय? त्याला या दोन खंडांचा आधार नाही. त्याचा एमआरएनए एचएसएफ-१ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनमुळे न्यूक्लियसमध्ये भराभर बनतो, म्हणून तुमच्या पीसीआरमध्ये तीसपट. पण अर्ध्या मिलिमोलरला, तासाभराच्या आत, सुरुवात करायची यंत्रणाच इतकी दाबलेली असते की तोही मोठ्या प्रमाणात वाचला जात नाही. आर्सेनाइट धुऊन ताजा मीडिया दिला की फॉस्फेट उतरायला लागतो. तो उतरवणारं जीएडीडी-३४ हे प्रोटीनही ताणातच बनतं आणि त्याच्याही एमआरएनएच्या पुढ्यात असेच छोटे खंड आहेत, म्हणजे ब्रेक सोडायचा पाय ब्रेक दाबतानाच तयार होतो. त्यानंतर काही तासांत एचएसपी-७०चा बँड चढतो. तुम्ही एक तासालाच पेशी उचलल्या, म्हणजे संदेश आले होते, काम सुरू व्हायचं होतं.

आणखी एक शक्यता अँटिबॉडीची. एचएसपी-७०च्या कित्येक अँटिबॉडी पेशीत कायम असणाऱ्या त्याच्या भावंडाला, एचएससी-७०लाही पकडतात, आणि हेलात तो भरपूर असतो. अशा अँटिबॉडीला ताणाआधी आणि ताणानंतर बँड सारखाच दिसणार. डेटाशीटवर फक्त ताणात बनणाऱ्या प्रकारालाच ती पकडते असं स्पष्ट लिहिलंय का, ते आजच बघा. तीनदा ब्लॉट करण्याआधी हे बघायला हवं होतं. हे मी दोष म्हणून सांगत नाही, आमच्याकडेही दर बॅचमध्ये कुणीतरी इथेच अडकतं.

आता ठिपक्यांकडे. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा खालच्या दुकानांतून काय झालं आठवा. लोकांनी माल माळ्यावर चढवला आणि शटर पाडलं. माल फेकला नाही. पाणी ओसरल्यावर बघून घेतलं, चांगला होता तो खाली आला, भिजलेला गेला. तुमचे ठिपके म्हणजे स्ट्रेस ग्रॅन्यूल, आणि ते बरेचसे असाच माळा आहेत. सुरुवात अडलेल्या एमआरएनए, लहान सबयुनिट, जी३बीपी१ आणि टीआयए-१सारखी प्रोटीनं तिथे एकत्र येतात. १९९९मध्ये टीआयए-१ आणि फॉस्फो-ईआयएफ-२ यांचं नातं दाखवलं गेलं, तेव्हापासून या ठिपक्यांचं काम जोरात सुरू आहे. ‘सगळे संदेश ठिपक्यात जातात’ हा समज मात्र २०१७मध्ये ठिपके वेगळे काढून त्यातला आरएनए मोजल्यावर मोडला. एकूण एमआरएनएपैकी साधारण दहावा भागच तिथे सापडला. कुठला किती जातो यात मोठा फरक होता, लांब आणि कमी वाचले जाणारे संदेश जास्त. २०२०मध्ये तर एकेका रेणूवर नजर ठेवून ठिपक्याच्या आतही काही संदेश वाचले जातात हे दिसलं. आणि तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचं: एचएसपी-७०चा एमआरएनए या ठिपक्यांत जमा होत नाही, बाहेरच राहतो, हे फार पूर्वीच दिसलेलं आहे. म्हणजे ‘तो ठिपक्यात जाऊन नष्ट होतो’ हा अंदाज याच संदेशाला लागू पडत नाही. शिवाय तो नष्ट होत असता तर पीसीआरमध्ये तीसपट दिसला नसता.

डीकॅपिंग (संदेशाच्या टोकाची टोपी काढणं) आणि कापणीची एन्झाइमं, डीसीपी-२, एक्सआरएन-१ वगैरे, सापडतात ती पी-बॉडीत. हे वेगळे ठिपके, ताणाशिवायही असतात, ताणात स्ट्रेस ग्रॅन्यूलला चिकटून बसलेले दिसतात. मात्र दिसणाऱ्या पी-बॉडी मोडल्या तरी एमआरएनएची कापणी चालूच राहते, म्हणून ठिपका दिसला म्हणजे तिथेच कापणी झाली असं लिहू नका. परीक्षक हे नेमकं पकडतात.

मग ‘खराब’ संदेशांची छाननी कुठे होते? रायबोसोमवरच. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१मध्ये भौतिकशास्त्राची बी.एस्सी. झालेल्या वेंकी रामकृष्णन यांना २००९चं नोबेल मिळालं ते रायबोसोमची रचना उलगडण्यासाठी. त्या रचनेकडे बघितलं की कळतं, संदेशाचा प्रत्येक कोडॉन या यंत्राच्या आतून जातो, तेव्हा दोष पकडायला याहून चांगली जागा नाही.

एक छाननी नॉनसेन्स-मीडिएटेड डिके, म्हणजे वेळेआधी स्टॉप कोडॉन (‘इथे थांब’ सांगणारा शब्द) आलेल्या संदेशांची. स्प्लायसिंगमध्ये संदेशातले नको ते तुकडे काढून उरलेले, म्हणजे एक्झॉन, जोडले जातात; त्यानंतर दोन एक्झॉनांच्या सांध्याच्या थोडं आधी प्रोटीनांचा एक गट खूण म्हणून बसलेला असतो. पहिलाच रायबोसोम जाताना या खुणा पुसत जातो. शेवटच्या सांध्याच्या सुमारे ५० ते ५५ न्यूक्लिओटाइडपेक्षा आधीच तो थांबला तर पुढची खूण तशीच राहते, यूपीएफ-१ हे प्रोटीन कामाला लागतं आणि संदेश कापला जातो. थॅलेसेमियात याचा अर्थ रुग्णाच्या रक्तात दिसतो. भूमध्य भागात आढळणारं बीटा-ग्लोबिनच्या कोडॉन ३९चं म्युटेशन असलेला संदेश असाच कापला जातो, आणि एकच खराब प्रत असलेला माणूस बहुतेक ठणठणीत असतो. पण स्टॉप कोडॉन शेवटच्या एक्झॉनमध्ये आला तर छाननीला तो दिसत नाही, अर्धवट ग्लोबिन बनत राहतं आणि कधीकधी एकच प्रत माणसाला आजारी पाडते. आपल्याकडे थॅलेसेमियाची घरं कमी नाहीत. हा विषय फक्त पुस्तकातला नाही, हे मला या उदाहरणाने कायम लक्षात राहतं.

ताण आला की ही छाननी ढिली पडते, कारण ती रायबोसोम वाचत असण्यावरच चालते. एरवी तिच्याकडून थोडेफार कापले जाणारे काही संदेश, एटीएफ-४चा त्यात आहे, ताणात जास्त काळ टिकतात. म्हणून पुढे एटीएफ-४चा एमआरएनए वाढलेला दिसला तर ‘जास्त बनला’ असं लगेच म्हणू नका, ‘कमी कापला गेला’ असंही असू शकतं. अ‍ॅक्टिनोमायसिन-डीने नवं बनणं बंद करून दर अर्ध्या तासाला उरलेलं मोजलं की फरक कळतो.

दुसरी छाननी रायबोसोमच्या टकरींची. ऑक्सिडेशनने किंवा अतिनील किरणांनी खराब झालेल्या बेसवर रायबोसोम अडकतो, मागचा येऊन त्याला धडकतो. दोघांच्या सांध्यातला आकार झेडएनएफ-५९८ ओळखतं, रायबोसोमवर युबिक्विटिनची खूण करतं, अडकलेला रायबोसोम सुटा केला जातो, अर्धवट प्रोटीन लिस्टेरिन नष्ट करायला पाठवतं आणि त्या संदेशावर पुन्हा सुरुवात होऊ नये अशी तजवीज होते. टकरी फार झाल्या तर झेडएके-अल्फा कायनेज पेशीला मरणाकडेही ढकलू शकतं. डोसचं महत्त्व इथे फार स्पष्ट दिसतं: अ‍ॅनिसोमायसिन (रायबोसोम थांबवणारं औषध) मध्यम दिलं तर काही रायबोसोम थांबतात, काही चालतात, म्हणून टकरी होतात. भरपूर दिलं तर सगळेच जागच्या जागी थिजतात आणि टकरी जवळजवळ होतच नाहीत. औषध जास्त म्हणजे परिणाम जास्त, हा हिशेब इथे चालत नाही.

थोडक्यात तुमच्या प्रयोगापुरतं: संदेश बनला, कापला गेला नाही, ठिपक्यात अडकला नाही, रायबोसोमने वाचायला घेतला नव्हता. आता हे सिद्ध करायला हवं.

त्याआधी कंट्रोलची डिश. माझ्या लॅबमध्ये एकदा उत्तरायण आणि वासी उत्तरायण अशा दोन दिवसांच्या सुट्टीत सगळे गच्चीवर पतंग उडवत होते, मीडिया बदलायला कुणी आलं नाही, मीही नाही. सोळा जानेवारीला पेशी छान भरलेल्या दिसल्या म्हणून थेट प्रयोग लावला. फॉस्फो-ईआयएफ-२-अल्फाचा बँड कंट्रोलमध्येच इतका जाड आला की आर्सेनाइटच्या लेनमध्ये वाढ दिसेना. मीडिया पिवळा पडला होता, ग्लुटामिन संपत आलं होतं, पेशी आधीच उपाशी होत्या. दीड महिन्याचे नमुने मला बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून आमचा नियम आहे: प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ताजा मीडिया, डिश ७० टक्क्यांच्या आसपास भरलेली, आणि प्रयोगाच्या तासभर आधी मीडियाला हात लावायचा नाही, कारण ताज्या मीडियानेही एमटॉर (पेशीची वाढ सांभाळणारं कायनेज) उसळतं आणि ट्रान्सलेशन, म्हणजे प्रोटीन बनणं, तात्पुरतं वाढतं.

आता करायचं काय. सर्वांत स्वस्त चाचणी प्युरोमायसिनची. पेशी उचलण्याआधी दहा मिनिटं मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅम प्युरोमायसिन द्या, ते बनत असलेल्या प्रोटीनांच्या टोकाला चिकटतं. मग प्युरोमायसिनच्या अँटिबॉडीने वेस्टर्न करा. कंट्रोलच्या लेनमध्ये वरपासून खालपर्यंत काळपट पट्टा दिसेल, आर्सेनाइटच्या लेनमध्ये तो जवळजवळ पुसलेला. एक लेन प्युरोमायसिन न दिलेली आणि एक सायक्लोहेक्सिमाइड (रायबोसोम जागीच थांबवणारं औषध) आधी दिलेली ठेवा, नाहीतर पार्श्वभूमी किती ते कळणार नाही.

हाताशी अल्ट्रासेंट्रिफ्यूज असेल तर पॉलिसोम प्रोफाइल (संदेशांवर किती रायबोसोम बसलेत ते दाखवणारी चाचणी) नक्की करा, यासारखा पुरावा नाही. सायक्लोहेक्सिमाइड मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, सगळं बर्फावर, १० ते ५० टक्के सुक्रोजचा ग्रेडियंट. नळीत ग्रेडियंट ओतून झाला की ती उजेडासमोर धरा, थरांची पुसट रेघ दिसते, हात हलला तर ती मोडते, म्हणून रोटरमध्ये ठेवताना घाई नको. सेंट्रिफ्यूजनंतर २५४ नॅनोमीटरला वाचत जाताना कंट्रोलमध्ये ४०एस (लहान सबयुनिट), ६०एस (मोठं सबयुनिट), ८०एस (अख्खा रायबोसोम) आणि मग एकामागे एक लहान टेकड्या येतात, दोन रायबोसोमची, तीनची, चारची. आर्सेनाइटच्या नमुन्यात टेकड्या सपाट होतात आणि ८०एसचा सुळका उंच होतो. पहिल्यांदा माझ्या कागदावर तो सुळका चढताना पाहिला तेव्हा मी दुसऱ्या विभागातून लोकांना बोलावून आणलं होतं. यानंतर प्रत्येक फ्रॅक्शनमधून आरएनए काढून एचएसपी-७०चा पीसीआर करा. संदेश हलक्या फ्रॅक्शनमध्ये सापडला तर तुमचं म्हणणं सिद्ध झालं, आणि धुऊन चार तासांनी तोच जड फ्रॅक्शनमध्ये सरकलेला दिसला तर गाइडना दाखवायला दुसरं काही लागणार नाही.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर वेळेची मालिका तरी करा: शून्य, अर्धा तास, एक तास, मग आर्सेनाइट धुऊन दोन, चार, आठ तास. प्रत्येक वेळी तीन गोष्टी एकाच डिशमधून: पीसीआर, फॉस्फो आणि एकूण ईआयएफ-२-अल्फा, आणि ताणातलंच एचएसपी-७० पकडणारी अँटिबॉडी. ठिपक्यांसाठी कव्हरस्लिप वेगळी ठेवा आणि एकीवर शेवटचा अर्धा तास सायक्लोहेक्सिमाइड द्या, खरे स्ट्रेस ग्रॅन्यूल असतील तर ते विरतील. इस्रिबही (फॉस्फेट लागला तरी ईआयएफ-२बी चालू ठेवणारं औषध) वापरता येईल, पण अर्ध्या मिलिमोलरला फॉस्फेट इतका वाढतो की इस्रिबचा परिणाम झाकला जाऊ शकतो. ते वापरायचं तर आर्सेनाइट खाली आणा.

वापरलेला आर्सेनाइटचा मीडिया सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून धोकादायक कचऱ्यात द्या, हातमोजे दुहेरी. मालिका तयार झाली की चार तासांची लेन सगळ्यात आधी बघा. तिथे बँड चढलेला असावा असा माझा अंदाज आहे. नसेल तर अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर आणि त्या लेनचा फोटो पाठवा, आपण दोघी मिळून बघू.